ढालीचे मंत्र आणि हुरड्याचे दिवस

संक्रांत जवळ आली की ऑफिसातला कुणी ना कुणी हुरडा पार्टीचं आमंत्रण घेऊन माझ्या टेबलाशी येतो, आणि मी दरवर्षी नवी थाप मारतो. कधी पोट बरं नाही, कधी मेव्हणा यायचाय. यंदा डॉक्टरांनी ज्वारी बंद केलीय म्हणून सांगितलं. समोरचा बघतच राहिला. ज्वारी बंद करणारा डॉक्टर त्यानं आयुष्यात ऐकला नसणार. परभणीचा माणूस आणि हुरड्याला नको म्हणतो, हे पुण्याच्या लोकांना पटत नाही, आणि पटवून द्यायच्या भानगडीत मी पडत नाही.

पण यंदा मला घरातच गाठलं. मुलगी सुट्टीत मित्रमैत्रिणी घेऊन आली होती. सगळ्यांनी जेवणाचं टेबल अडवलेलं. त्यावर कागद, पेन्सिली, चिवड्याची ताटली आणि ते फासे. सहा बाजूंचे नेहमीचे फासे नव्हेत. आठ बाजूंचे, बारा बाजूंचे, आणि एक वीस बाजूंचा, जवळजवळ बोरासारखा गोल. या खेळात एक जण गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. कुणी तलवारवाला, कुणी चोर, कुणी मांत्रिक. पुढं काय होणार ते थोडं तुमच्या डोक्यावर आणि थोडं फाशावर. मी बाजूला पेपर वाचत बसलो होतो. मुलीनं विचारलं, “बाबा, एकच मंत्र घेता येतोय. आगीचा गोळा घेऊ का ढाल?”

“ढाल,” मी पेपरातून मान न काढता म्हणालो.

“काका, ढालीनं राक्षस मरत नाही,” तिचा एक मित्र समजावणीच्या सुरात म्हणाला.

“आपण मरत नाही ना पण.”

पोरं हसली. बाबाला यातलं काय कळतंय, असं मुलीच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं. तिच्या बापानं असले फासे तिच्या जन्माच्या कितीतरी आधी, परभणीत, सतरंजीवर फेकलेत हे तिला कुठून ठाऊक असणार? मी कधी सांगितलंच नाही. उठून गॅलरीत गेलो. खाली वॉचमननं पालापाचोळा पेटवला होता आणि त्याचा धूर वर येत होता. एवढ्या थंडीत माझे कान तापले. लाज ही चीज जुनी होत नाही. गुडघेदुखीसारखी थंडीत बरोबर उठते.

आमच्या परभणीत हा खेळ आला तो जोशी सरांच्या ट्रंकेतून. जोशी सर कृषी विद्यापीठात प्राध्यापक. पुढच्या शिक्षणाला बायकोपोरांसकट अमेरिकेला गेले होते. परत आले तेव्हा त्यांचा मुलगा समीर आमच्या अकरावीच्या वर्गात येऊन बसला. मराठी बोलायचा ते धड्यातल्यासारखं, आणि त्याच्याजवळ या खेळाचं खोकं होतं. फासे आणि मंत्रांचं एक जाड पुस्तक. वर्गात त्याच्याशी धड कुणी बोलेना, म्हणून आम्ही दोघं त्याला चिकटलो. एक बालाजी, जिंतूरकडचा, घरी भरपूर जमीन, शिकायला परभणीत खोली करून राहिलेला. दुसरा मी, संजय खिल्लारे. बाबा पाण्याच्या खात्यात कारकून. आम्ही बौद्ध. खिल्लारे म्हटलं की आमच्याकडं पुढचं काही विचारायची गरज नसते, आणि तरी लोक पुढचं विचारतात.

दर शनिवारी दुपारी समीरच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात बैठक जमायची. समीर गोष्ट सांगणारा. पुस्तक इंग्रजीत, तो वाचून अर्थ सांगायचा आणि मंत्रांना मराठी नावं आम्ही ठेवायचो. आगीचा गोळा. वीज. ढाल. दगडकातडी. कुलूप, म्हणजे कुठलंही दार जागेवर बंद करणारा. अदृश्य. आणि रूपबदल. बालाजी दर वेळी आगीचा गोळा घ्यायचा. दिसला शत्रू की टाक गोळा. कधीकधी त्या गोळ्यात आम्हीही भाजून निघायचो. “लढाई म्हंजे लढाई, संज्या,” तो म्हणायचा. “भिताड्यासारखं ढालीमागं काय बसायलास?” आणि असं म्हणत म्हणत तो जवळपास दर शनिवारी मरायचा. मग समीरच्या आईनं दिलेल्या शंकरपाळ्या खात, तोंड पाडून, आमचा खेळ बघत बसायचा.

मी मात्र ढालवाला. त्या वयात मी या विषयावर एवढं डोकं घातलंय की विचारू नका. आगीचा गोळा पडतो, सगळ्यांना दिसतो, सगळे वा म्हणतात. ढालीनं अडवलेला वार कुणाला दिसत नाही. जे घडलंच नाही त्याला वा कोण म्हणणार? म्हणून संरक्षणाचे मंत्र घेणाऱ्याला या खेळात मान नसतो. पण गुहेतून शेवटी जिवंत बाहेर कोण आलं ते मोजा, असं मी बालाजीला सांगायचो. ढालीची एक अट होती, ती वार पडायच्या आधी टाकावी लागते. वार बसल्यावर टाकलेल्या ढालीचा उपयोग शून्य. त्यामुळं ढालवाल्याला सारखं पुढचं बघत राहावं लागतं. कोण कुठून येतंय, कुणाच्या मनात काय आहे. बालाजीला ते कधी जमलं नाही. त्याला तशी कधी गरजच पडली नव्हती, हे मला तेव्हा सुचलं नाही.

मला गरज पडली होती. मी दुसरीत होतो आणि आम्ही गावाकडं राहत होतो. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि गावोगाव आमच्या लोकांवर जमाव चालून जायला लागले. बाबा मोर्च्याला गेलेले. आईनं भर दुपारी दार लावलं, कडी घातली, आणि तेवढ्यानं भागेना म्हणून कोपऱ्यातलं जातं ओढत ओढत दाराशी आणून टेकवलं. जमिनीवर उमटलेला जात्याचा तो ओरखडा मला अजून दिसतो. आम्ही जात्याला पाठ लावून बसलो होतो. बाहेरून आवाज आले आणि पुढं गेले. आमच्या घराला काही झालं नाही. पुढच्या आळीत झालं. पुढच्या वर्षी बाबांनी परभणीला बदली मागून घेतली.

असं असून बाबा दबणारे नव्हते. ते नामांतराच्या प्रत्येक मोर्च्यात असायचे. एकदा पोलिसांची लाठी खाऊन आले, तर आई हळद लावताना रडत होती आणि हे तिलाच हसवत होते. त्यांनी मला लहानपणी एक गोष्ट घोकून घेतली होती. कुणी नाव विचारलं तर पूर्ण सांगायचं. आधी स्वतःचं, मग बापाचं, मग आडनाव, आणि आडनावाला आवाज खाली न्यायचा नाही. मी आडनावाशी आलो की ते कानाशी हात नेऊन म्हणायचे, “ऐकू आलं न्हाई.” मग मी ओरडायचो. मग ते हसायचे. घराच्या दारावर त्यांच्या नावाची पाटी एवढी मोठी की पोस्टमन चेष्टा करायचा, हे घर आहे का बँक.

आता त्या हिवाळ्याचं. पौषातली थंडी होती आणि ज्वारीची कणसं दुधावर आली होती. बालाजी म्हणाला, “रविवारी आमच्या आखाड्यावर चला. तात्या हुरड्याला बोलवायलेत.” तात्या म्हणजे त्याचे चुलते. आखाडा म्हणजे शेतातला गोठा आणि खोपट. समीर तर नाचायलाच लागला, त्यानं हुरडा फक्त आईच्या तोंडून ऐकला होता. फासे बरोबर घ्यायचे आणि तिथंच खेळायचं ठरलं.

परभणीहून जिंतूर, जिंतूरहून येलदरीकडं जाणारी गाडी. जिंतूरच्या स्टँडवर चहा पिताना बालाजी उगीच बशी फिरवत बसला. मग म्हणाला, “संज्या, एक बोलू का? राग नको धरू.”

“बोल की.”

“तात्या मनानं लय चांगले हायत. पण जुनं माणूस हाय. तुला कुणाचा म्हणून इचारतील. म्या सांगतो काय सांगायचं ते. तू निस्ता गप राहा.”

“काय सांगणार हायस?”

“समीरचा चुलतभाऊ म्हणू. दोघं जोशी सरांच्या घरचे. झालं. एका दिसाचा तर प्रश्न हाय.”

समीर अगदी खूश झाला. “म्हणजे रूपबदल मंत्र,” तो म्हणाला. “तो संरक्षणातच येतो. त्याला फासाही टाकावा लागत नाही.”

त्याला खरंच कळत नव्हतं, त्याला दोष देत नाही. बालाजीला कळत होतं, पण तो त्याच्या परीनं मला वाचवायलाच बघत होता. आणि मी? मी हसलो. ‘मग मी येत नाही’ एवढं म्हणून परतीच्या गाडीत बसता आलं असतं. मी चहा संपवला. मला हुरड्याला जायचं होतं, मित्रांबरोबर जायचं होतं, एवढं साधं कारण होतं.

तात्या आखाड्याच्या तोंडाशीच उभे होते. डोक्याला मफलर, अंगात बंडी, आवाज मोठा आणि डोळे हसरे. वाईट माणूस असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी आमच्या पाठीवरून हात फिरवला, पाणी दिलं, आणि मग, आमच्याकडं सगळे विचारतात तसं, विचारलं, “हे कुणाचं म्हणायचं?”

“जोशी सरांच्या घरचे हायत दोघं,” बालाजी म्हणाला. “भाऊ-भाऊ.”

“असं, असं. बामनाची लेकरं आली म्हणा की आमच्या रानात.” तात्यांनी आवाजच बदलला. मघाशी पाठीवर फिरलेला हात आता जोडला गेला. माझ्या बापाच्या वयाचा माणूस मला तुम्ही म्हणायला लागला.

आगटी पेटली होती. खड्ड्यात गोवऱ्यांचा लालभडक आर आणि बाजूला गुळभेंडी ज्वारीच्या कणसांचा ढीग. पण पहिलं कणीस भाजायच्या आधी त्यांच्याकडं बांधावरच्या म्हसोबाला नैवेद्य दाखवायची रीत होती. एरवी ते स्वतःच दाखवायचे. आज मात्र म्हणाले, “आज बामन घरी आलाय तर आमचे हात कशाला? चला महाराज, दोन मंत्र म्हणा.”

हे त्यांनी समीरला म्हटलं होतं. समीरला मंत्र कुठले येतायत? त्यानं खेळातल्या सवयीनं माझ्याकडं बोट केलं. “मला नाही येत. मंत्रवाला हा आहे.”

बालाजीचा चेहरा पांढरा पडला. तात्या माझ्याकडं वळले. हातात पितळेची थाळी, त्यात गूळ, दही, कोवळी कणसं. मी बांधावर जाऊन त्या शेंदरी दगडासमोर बसलो. आमच्या घरात म्हसोबा नाही, देव्हारा नाही, संस्कृतचा मला एक श्लोक येत नव्हता. मला येत होती ती आईनं शिकवलेली वंदना. दर पौर्णिमेला पांढरी साडी नेसून, मेणबत्ती लावून ती आम्हा भावंडांकडून म्हणून घ्यायची, ती पाली गाथा. मी डोळे मिटले आणि तीच म्हणायला लागलो. शब्द नीट कुणाला कळू नयेत म्हणून ओठातल्या ओठात, भराभर. तात्या मागं हात जोडून उभे होते. संपल्यावर म्हणाले, “वा. काय पाठांतर हाय.”

परत आगटीशी आलो तर पहिलं कणीस तात्यांनी माझ्यासाठी भाजलं. तळहातावर चोळलं, फुंकर मारून कूस उडवली, आणि हिरवे गरम दाणे माझ्या ओंजळीत टाकले. शेंगदाण्याची चटणी त्यांनी माझ्या पुढ्यात सरकवली, गुळाचा मोठा खडा मला काढून दिला. दाणे गोड होते. इतके गोड की मला पुढं कधी तसे मिळाले नाहीत. आणि खरं सांगायचं तर, नुसते दाणेच गोड नव्हते. मला तो मान आवडला. पहिलं कणीस, तो जोडलेला हात, ते ‘महाराज’, सगळं आवडलं. आत कुठंतरी मी पाठीचा कणा ताठ करून बसलो होतो. लाज वाटते ती नाव लपवल्याची कमी. घाबरलेलं पोरगं नाव लपवणारच. त्या मानाची चव मला आवडली, याची जास्त वाटते. आईची गाथा मी तेवढ्यासाठी खर्च केली.

हुरडा झाल्यावर आंब्याखाली आम्ही फासे काढले. त्या दिवशीच्या गोष्टीत माझा मांत्रिक राक्षसांच्या छावणीत अदृश्य होऊन शिरला होता. समोर बालाजीचा मांत्रिक खांबाला बांधलेला. मी म्हणालो, मी पहारेकऱ्यावर झडप घालतो. समीरनं पुस्तक चाळलं. “घाल. पण तू वार केलास की दिसायला लागशील. अदृश्य माणसाला कुणाला काही करता येत नाही. नुसतं उभं राहता येतं.”

मी बराच वेळ विचार करत बसलो. बालाजी वैतागला. “आरं, म्या मरायलोय इथं. काहीतरी कर की.” मी काही केलं नाही. मला खेळवेना. डोकं दुखतंय म्हणालो आणि आगटीच्या राखेत काडी फिरवत बसलो.

त्या खेळातल्या मंत्रांवर मी नंतर, मोठेपणी, उगीच विचार करत बसतो. बस चुकली, दवाखान्यात नंबर लागायचाय, असल्या वेळी. ढाल तुम्हाला वाचवते, यात शंका नाही. दगडकातडी वाचवते. कुलूप वाचवतं, आईनं जातं लावलं ते कुलूपच. त्या मंत्रांमागं तुम्ही तुम्हीच असता, भ्यालेले असलात तरी. रूपबदल मात्र पुस्तकानं उगीच संरक्षणात घातलाय. तो वाचवतो, पण ज्याला वाचवतो तो तुम्ही नसता. त्या बांधावर जोशांचा पोरगा सुखरूप होता. खिल्लाऱ्यांच्या पोराचं काय झालं हे विचारणारं तिथं कुणी नव्हतं. दुसरी गोष्ट अशी, की खेळात रूपबदल ठराविक वेळानं आपोआप उतरतो. खऱ्यात तो उतरवावा लागतो, आपल्याच तोंडानं, आणि एकेक दिवस जातो तसं ते तोंड उघडणं जास्त अवघड होतं. बालाजीला हे सांगायला हवं होतं. तो आता गावाकडं शेती करतो, फोनवर बोलतो, त्याच्या घरी माझं खरं नाव सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्याची सून मला वाकून नमस्कार करते. तरी आम्ही त्या दिवसावर बोलत नाही.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत नामविस्तार झाला तेव्हा मी नोकरीवरून मुद्दाम घरी आलो होतो. गल्लीत गुलाल, निळे झेंडे, कुणीतरी रडत होतं, कुणीतरी नाचत होतं. बाबा तोवर थकले होते. त्यांनी जिलबी आणली, शेजारपाजारी वाटली, आणि मग नवा सदरा घालून पाटीखाली खुर्ची टाकून बसले. येणाऱ्याजाणाऱ्याला नमस्कार करत होते. मला म्हणाले, “एका नावासाठी एवढी वर्षं गेली बघ. गेली तर गेली.” मी मान हलवली आणि आत निघून गेलो. आईला वाटलं पोराला भरून आलं. भरून आलं नव्हतं. त्यांच्यासमोर ‘नाव’ या शब्दाला मला उभं राहता येत नव्हतं, कारण त्यांच्या ऑफिसातली ती दुपार त्यांनाही आठवत असणार हे मला माहीत होतं. ते शेवटपर्यंत त्यावर एक अक्षर बोलले नाहीत. मी विचारायचं ठरवायचो. ते दवाखान्यात होते तेव्हाही ठरवलं होतं. मग नर्स आली, मग भाऊ आला, मग राहिलं.

तर ती दुपार. आखाड्यावरून येऊन काही आठवडे झाले होते. हुरडा संपला होता, ज्वारी पिवळी पडायला लागली होती. बाबा सकाळी गडबडीत डबा घरीच विसरले. आईनं माझ्या हाती दिला आणि मी कॉलेजला जाता जाता सायकल त्यांच्या ऑफिसाकडं घेतली. ऑफिस वरच्या मजल्यावर. डबा पितळेचा, आईच्या रुखवतातला, आणि त्याच्या झाकणावर दुकानदाराकडून कोरून घेतलेलं बाबांचं नाव, आडनावासकट. आमच्याकडं भांड्यांवर नाव घालतातच. मी जिना चढलो, आत गेलो, आणि बाबांच्या टेबलासमोरच्या खुर्चीत तात्या बसलेले दिसले.

येलदरीच्या धरणाच्या पाण्यावर मोटार बसवायची होती त्यांना, त्याच्या परवानगीचं काम बाबांच्या टेबलावर होतं. दोघांचं बरं चाललं होतं. तात्या काहीतरी सांगून हसत होते आणि बाबाही हसत होते. मी मागच्या मागं वळणार होतो, पण तात्यांनी बघितलंच.

“अरे, जोशीबुवा,” ते खुर्चीतून अर्धवट उठले. “तुमी हिकडं कुठं?”

बाबांनी माझ्या मागं बघितलं, जोशीबुवा कोण आलेत म्हणून. मागं कुणी नव्हतं.

“वळखत न्हाईत का तुमी, खिल्लारे? परभणीचेच तर हायत. आमच्या बालाजीचे दोस्त. हुरड्याला आले होते. आमच्या म्हसोबाला ह्यांनीच निवद दाखवला. अन् मंत्र काय म्हणले म्हणता, एवढ्याशा वयात, घडाघडा.”

बाबांनी माझ्याकडं पाहिलं. आधी तोंडाकडं, मग हातातल्या डब्याकडं. माझा तळहात झाकणावरच्या नावावर पसरलेला होता. जिना चढताना तो तिथं नव्हता. मी तो कधी ठेवला मला आठवत नाही, पण बाबांना तो दिसला, आणि त्यांना सगळं कळलं. मला एक शब्द म्हणायचा होता. बाबा. रोज शंभरदा म्हणायचो तो शब्द. मी तोंड उघडलंसुद्धा होतं, असं मी स्वतःला सांगत आलोय. खरं काय ते बाबांनाच माहीत. कारण त्यांनी मला वेळच दिला नाही.

ते उठले. टेबलाला वळसा घालून आले आणि माझ्या हातातून डबा दोन्ही हातांनी घेतला, नाव स्वतःच्या पोटाकडं करून.

“ओळखतो की पाटील,” ते म्हणाले. “आमच्या बाजूलाच राहतात हे. मी डबा विसरलो होतो, घरच्यांनी ह्यांच्यासंगं पाठवलेला दिसतो.” मग माझ्याकडं वळून म्हणाले, “मेहरबानी झाली तुमची.”

तात्यांचं हसू थोडं कमी झालं. रागावले नाहीत ते, घरच्या माणसाला समजावतात तसं, हळू आवाजात म्हणाले, “ते ठीक हाय, खिल्लारे. पण बामनाच्या लेकराला तुमचा डबा उचलायला लावायचा, म्हंजे बरं दिसत न्हाई.”

“चुकलं, पाटील,” माझा बाप म्हणाला. “घरी सांगतो मी. पुन्हा नाही व्हायचं.”

मी तसाच उभा. बाबांनी माझ्याकडं बघितलं, एकदाच, आणि मला वाटलं आता रागावतील. रागावले असते तर किती बरं झालं असतं. त्यांनी मान किंचित झुकवली, परक्याच्या पोराशी बोलावं तसं.

“या तुम्ही आता. कॉलेजला उशीर होईल तुम्हाला.”

“येतो, साहेब,” मी म्हणालो.

दारापर्यंत गेलो, जिन्याच्या दोन पायऱ्या उतरलो, आणि कठड्याला धरून थांबलो. आतून तात्यांचा मोठा आवाज आला. “लय गुणी लेकरू हाय. आईबापानं वळण चांगलं लावलंय.”

मग बाबा म्हणाले, “हो ना. चांगली माणसं आहेत ती.”